दोन पियानो आणि एक झोप

आधी मला वाटलं, ते वाद्यच आहे. समोर स्टेजवर ती मोठी, पायांच्या मधे धरून वाजवायची वाद्यं घेऊन काही जण बसले होते, त्यांच्यापैकीच कुणीतरी एक खोल, घशातला, लांबलचक सूर लावला असं वाटलं आणि मी मनात म्हटलं, वा, हे बरं आहे, एवढं तरी आपल्याला कळतंय. निवेदन करणाऱ्या बाईंनी सांगितलंच होतं की आता दुसऱ्या भागात माळावर वारा सुटतो आणि वाढत वाढत त्याचं वादळ होतं. मग तो सूर जरा अडखळला, चुळबुळला, शेवटी एक बारीक शिट्टी मारली आणि परत पहिल्यापासून लागला. ही शिट्टी मी ओळखते. लग्न झाल्यापासून ओळखते. सूर स्टेजवरनं येत नव्हता, माझ्या उजव्या खांद्याजवळनं येत होता. माझा नवरा घोरत होता. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर, मघाशी सत्काराला घातलेला हार गळ्यात तसाच, मान मागं टाकलेली, तोंड उघडं. आणि समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, आमची एकुलती एक मुलगी आरोही एका काळ्याभोर पियानोवर वाजवत होती, तिच्यासमोर दुसऱ्या पियानोवर तिची शाळेपासूनची मैत्रीण मारिया, आणि दोघींच्या मागं मुंबईहून आलेला तो सगळा व्हायोलिन-बासऱ्यांचा लवाजमा.

माझं कोपर आपोआप उचललं गेलं. बायकोचं कोपर ते, त्याला शिकवावं लागत नाही. कीर्तनात, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, नवरा पेंगला की जिथं बसायला पाहिजे तिथं बरोबर बसतं. पण आज ते उचललं आणि तसंच अधांतरी राहिलं. नवऱ्याचं नाव प्रभु. सासूबाई होत्या तोवर हे नाव माझ्या तोंडातनं कधी निघालं नाही, चारचौघांत अजूनही 'अहो'च. मनातल्या मनात मात्र मी त्याला प्रभु म्हणते, अरे-तुरे करते, वेळ पडली तर शिव्याही घालते. मनाला काय सासू असते? तर मी मनात म्हणत होते, प्रभु, बाबा, आत्ताच? एवढे महिने सोडून आज, हितं, पोरीच्या तोंडासमोर? आणि त्याच दमात दुसरं मन म्हणत होतं, हात लावशील तर खबरदार. झोपलाय तो, बघ. दिवाळीपासून पहिल्यांदा ह्या माणसाच्या कपाळावरची ती आडवी आठी गेलेली दिसतेय. झोपू दे त्याला.

दिवाळीनंतर आमचे माग गेले. कर्जबिर्ज काही नव्हतं, उपाशीही मरणार नव्हतो. आमच्या जुन्या यंत्रमागांवरचा टॉवेल कुणाला नको झाला होता, एवढंच. शेजारच्यांनी नवे माग आणले, आम्ही वयं बघितली, मुलीचा मार्ग बघितला आणि विकायचं ठरवलं. शहाणपणाचाच निर्णय, सगळ्यांनी तेच सांगितलं. भंगारवाल्याच्या माणसांना हात न लावू देता प्रभुनं प्रत्येक मागाचे बोल्ट स्वतः खोलले, कपडा मारून पुसले आणि डब्यात भरून दिले, जसं काही ते लग्न होऊन सासरी चाललेत. टेंपो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मी घरात आले, तर स्वयंपाकघरात कसलासा आवाज. बघते तर भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ टिकटिक करतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्या दिवसापासून प्रभुची झोप गेली.

लोकांना हे सांगून पटत नाही. लोकांना आवाजानं जाग येते. आमच्या पूर्व भागातल्या विणकर गल्ल्यांत उलटं आहे, आम्हांला आवाज थांबला की जाग येते. आरोही लहान असताना तिची झोळी कारखान्यातच बांधलेली होती, दोन खांबांच्या मधे. कारखाना म्हणजे काय, घराचाच मागचा भाग, एक भिंत मधे. एवढ्या खडखडाटात की माणसाला माणसाशी कानात तोंड घालून बोलावं लागतं, त्यात ही पोरगी पाय पसरून झोपायची. वीज गेली की संपलं. क्षणात सगळ्या गल्लीतले माग बंद, आणि पुढच्या क्षणाला सगळ्या गल्लीतली पोरं एका सुरात रडायला लागायची, ह्या घरात, त्या घरात, समोरच्या माडीवर. माझी नणंद अकलूजला दिली होती, ती माहेरपणाला आली की तिची उसाच्या शेजारी वाढलेली पोरं आवाजानं झोपायची नाहीत आणि आमची पोरगी आवाज नसला तर झोपायची नाही. दोन्ही घरच्या पोरांना एका खोलीत निजवणं म्हणजे कोर्टातला खटला होता.

प्रभु दुपारी जेवून कारखान्यातल्या बाजेवर आडवा व्हायचा. सगळे माग चालू असले की गाढ. पण एखादा जरी थांबला तरी डोळे न उघडता विचारायचा, "एदि आगिंदि?" आमच्या घरची बोली तेलुगू. कुठला थांबला, असं तो विचारायचा. आता माग काय, सुताची कांडी संपली की थांबवावाच लागतो, कांडी बदलली की लगेच सुरू. पण तेवढ्यानं तो उठून बसला तर त्याची झोप मोडायची, मग संध्याकाळपर्यंत आम्हां सगळ्यांच्या नावानं शिमगा. म्हणून माझ्या सासूबाईंनी, गुरम्मांनी, शिस्तच घालून दिली होती. जो जागा असेल त्यानं ताबडतोब उत्तर द्यायचं, आवाज न चढवता, सावकाश: "एमी आगलेदु." काही थांबलेलं नाही. हे ऐकलं की प्रभु कूस बदलून परत झोपायचा. गुरम्मा म्हणायच्या, कामावरच्या माणसाला खरं सांगायची वेळ वेगळी असते आणि झोपू द्यायची वेळ वेगळी. पुढं पुढं हे काम आरोहीकडंच आलं. ती शाळेतनं आली की बाजेच्या पायथ्याशी पाटी-दप्तर घेऊन बसायची, आणि बापाचा प्रश्न आला की वहीतनं डोकं न काढता म्हणायची, "एमी आगलेदु, नान्ना." नान्ना म्हणजे बाबा. एवढीशी पोर, पण आवाज असा की पोलिसालासुद्धा झोप लागावी.

माग गेल्यावरही तो दुपारी त्या बाजेवर जाऊन पडायचा. रिकाम्या कारखान्यात, जमिनीवर जिथं माग होते तिथं तेलाचे काळे चौकोन, आणि मधे बाज. मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. त्यानं डोळे मिटलेले होते आणि सवयीनं विचारलं, एदि आगिंदि? मीही सवयीनं म्हटलं, एमी आगलेदु. त्यानं डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला, रागानं नाही, रागानं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "खोटं बोलू नको, वैजू. सगळंच थांबलंय." त्यानंतर त्यानं तो प्रश्न परत विचारला नाही. नुसता पडून राहायचा, छताकडं बघत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी डोळे तेवढे मिटायला लागले, झोप नाही. दाढी दोन-दोन दिवस तशीच. जेवताना दुसरी भाकरी नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याशी भांडायचं बंद झाला. आमटीत मीठ जास्त झालं तरी गप्प खाल्ली त्यानं, तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. मला भीती वाटायला लागली होती, सरळ सांगते, भीती, की हा माणूस असाच माझ्या डोळ्यांदेखत विझत जाणार आणि मी तांदूळ निवडत बसणार. आरोही फोनवर विचारायची, नान्ना झोपतात का गं? मी म्हणायचे, झोपतात की, झकास. तिची ह्या कार्यक्रमाची तयारी चालली होती, तिला कशाला सांगायचं.

"ताई," मागनं कुणीतरी माझ्या खांद्याला बोट लावलं. रामहरी सर. आरोहीच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक, ह्या कार्यक्रमाचे अर्धे आयोजक तेच. ते वाकून पुटपुटले की ताई, झोपलेत की हो ते, उठवा जरा, मागपर्यंत ऐकू जायलंय. मी मान हलवली, म्हणजे हो असंही आणि नाही असंही. सरांचं चूक नव्हतं. सोलापुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला, सिनेमाची गाणी आणि शिट्ट्या. त्यामुळं हा ऑर्केस्ट्रा वेगळा आहे, हितं मधे बोलायचं नाही, फोन बंद, दोन भागांच्या मधे टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत, हे समजावून सांगता सांगता सर महिनाभर दमले होते. सुरुवातीला कलावंताचे आई-वडील म्हणून आम्हां दोघांना स्टेजवर बोलावलं, हार घातले, हातात चादर दिली. सोलापुरात सत्काराला चादरच देतात, चादर विणणाऱ्यालाही चादरच. माझ्या मांडीवर ती घडी होती, निळी, त्यावर मोर. आजचा सगळा कार्यक्रम निसर्गावर आहे असं बाई म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं होतं. आम्हांला निसर्ग एवढाच ठाऊक, मोर, हरणं, कमळं, सगळी सुतातली. प्रभुनं जन्मभर मोर विणले, जिवंत मोर बघितला असेल तर नान्नजच्या माळावर एकदा, तोही शेपटी नसलेला.

पहिला भाग जंगलातल्या पहाटेचा होता. कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं रचलेला. बासरी पक्ष्यांसारखी बोलायची आणि दोन्ही पियानो थेंब थेंब पडल्यासारखे, एक थेंब आरोहीचा, एक मारियाचा. छान होतं, नाही असं नाही, पण प्रभु ताठ बसला होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखा. थेंबांच्या मधल्या प्रत्येक शांततेत त्याच्या मानेची शीर हलायची. मला कळत होतं. प्रत्येक थेंबानंतर त्याला वाटत होतं, थांबलं. आरोही पियानो शिकायला लागली तेव्हा तो एकदा मला म्हणाला होता, एवढं हळू वाजवायचं तर वाजवायचंच कशाला? मारियाचे वडील चर्चमध्ये पियानो वाजवायचे, शाळा सुटली की ही मारियाबरोबर तिकडं जायची, एका बाकावर दोघी. त्यांची तक्रार उलटी, ही पोरगी पियानोवर धोटा मारते, मागावर सूत घेऊन इकडून तिकडं आपटत पळतो ना, तो. आमच्या घरात वाढलेली, हिला आवाज काढल्याशिवाय आपण आहोत असं वाटायचंच नाही. मग हळूहळू तिचा हात निवळला, मुंबईला गेली, शिष्यवृत्ती मिळाली, मारियाही पाठोपाठ गेली, आणि दोघी मिळून दोन पियानो वाजवतात म्हणून आता पोस्टरवर फोटो. गावात पियानो एकच, दुसरा टेंपोनं पुण्याहून आला. फोनवर ती म्हणाली होती, अम्मा, तिसऱ्या भागाची सुरुवात माझ्या एकटीच्या डाव्या हाताची आहे, बाकी सगळे गप्प असतात, तेवढं मात्र नीट ऐक. मी म्हटलं, ऐकते. तेवढ्या एका जागेची मी वाट बघत होते आणि आता तीच जागा जवळ येत होती, आणि माझ्याशेजारी हा घोरत होता.

वारा वाढला. म्हणजे सगळी वाद्यं एकेक करून शिरली आणि खाली दोन्ही पियानोंचा डावा हात एका ठेक्यात चालू लागला, न थांबता, तेच तेच तेच, वर काय वाटेल ते होवो. तेव्हा मला उमगलं, हा का झोपला ते. माझ्याच पायाच्या तळव्यांना ते आधी कळलं होतं. स्टेजची फळी, खालची फरशी, सोफ्याचा पाय, सगळीकडनं ते अंगात येत होतं, आणि माझीसुद्धा पापणी जड झाली होती की. कुणी म्हणेल, पोरीचं वाजवणं आणि तुम्ही झोपता? अहो, आमच्यात ह्याहून मोठी दाद नाही. पण हे मी रामहरी सरांना कुठल्या तोंडानं सांगणार. त्यांनी परत बोट लावलं. मागच्या रांगेतनं एक खुसखुस ऐकू आली. आरोहीनं मान जराशी वळवली असं मला वाटलं, तिला दिसत असेल का, बाप सत्काराचा हार घालून तोंड उघडं टाकून झोपलाय. तिच्या आयुष्यातला गावातला पहिला कार्यक्रम आणि उद्या गावात चर्चा कशाची, तर घोरण्याची. माझे कान तापले. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू, स्वतःच्या नवऱ्याची लाज वाटली. कोपर अजून अधांतरीच होतं, दुखायला लागलं होतं. आणि मग मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. ओठाच्या कोपऱ्यातनं लाळेचा एक धागा हारातल्या झेंडूवर उतरत होता. लहान पोराचा उतरतो तसा. मी कोपर खाली घेतलं, मांडीवरची ती निळी चादर उलगडली आणि त्याच्या अंगावर घातली. गळ्यापर्यंत. मागं रामहरी सरांनी श्वास आत ओढलेला मला स्पष्ट ऐकू आला. ओढू देत. गावाची अब्रू एकीकडं आणि ह्याची झोप एकीकडं, माझं माप झालं होतं.

आता एकच प्रार्थना. थांबू नका. वाजवत राहा, बाबांनो, वादळ होऊ दे, छप्पर उडू दे, पण थांबू नका. वादळ आलंही. काय वाजवलं पोरींनी! दोघींचे हात दिसेनात, मागचे नगारे गडगडले, त्यात ह्याचं घोरणं कुठल्या कुठं बुडालं, रामहरी सरांचं बोटही थांबलं. आमच्या गल्लीत भर हंगामात जो गोंगाट असायचा त्याच्या जवळपास आलं ते, मी डोळे मिटून घेतले तर मला तेलाचा वाससुद्धा आला. प्रभु चादरीत आणखी खाली सरकला. मी त्याच्या पोटावरची चादर वर-खाली होताना बघत होते आणि मला एवढं हलकं वाटत होतं, एवढं हलकं, की वाटलं ह्या पोरीनं सगळा ऑर्केस्ट्रा उचलून आमच्या मागच्या खोलीतच आणून बसवावा.

आणि वादळ थांबलं. एकदम. तो काठीवाला माणूस, सगळ्यांना हातातल्या काठीनं चालवणारा, त्यानं दोन्ही हात वर करून मूठ मिटली आणि सगळं एका क्षणात बंद. शिस्तीप्रमाणं कुणी टाळी वाजवली नाही. महिनाभर रामहरी सरांनी शिकवलेलं सगळ्या सभागृहानं नेमकं त्या क्षणी पाळलं. अशी शांतता की पंखा ऐकू यावा. आमच्या गल्लीतली वीज गेली की व्हायची, तशी. माझ्या उजवीकडं चादर खाली पडली. प्रभु उभा राहिला. डोळे अर्धे मिटलेले, हार वाकडा, पाय बाजेखालची चप्पल शोधताहेत, आणि कारखान्यात लागतो तसल्या टिपेच्या आवाजात त्यानं सगळ्या सभागृहाला विचारलं,

"एदि आगिंदि?"

काठीवाला वळला. व्हायोलिनवाले वळले. कुणीतरी वर गॅलरीत फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. उत्तर माझ्याकडंच होतं. जो जागा असेल त्यानं उत्तर द्यायचं, गुरम्मांची शिस्त. दोनच शब्द. तोंड उघडलं मी, पण शब्द निघेना. कारण मला त्याचे ते डोळे दिसत होते, खोटं बोलू नको, वैजू. त्या दुपारनंतर त्यानं पहिल्यांदा हा प्रश्न विचारला होता आणि मला समजत होतं की ह्याचं उत्तर मिळालं नाही, तर आता हा पुरता जागा होईल, कुठं आहोत ते बघेल, लोक बघेल, पोरगी बघेल, आणि मग ह्याला झोप म्हणून कधी लागायची नाही. मी त्याचा सदरा धरला, एवढंच झालं माझ्याच्यानं.

"एमी आगलेदु, नान्ना."

स्टेजवरनं. वहीतनं डोकं न काढता बोलायची, तोच आवाज. आरोहीनं मान वर केली नव्हती, ती पियानोच्या पट्ट्यांकडंच बघत होती. "चालूच आहे," ती मराठीत म्हणाली, सगळ्यांसाठी असावं, आणि काठीवाल्याकडं न बघता तिचा डावा हात खाली आला. तिसरा भाग. तिच्या एकटीचा. खालचे दोन सूर, आलटून पालटून, सावकाश, एकसारखे, एक जाणारा, एक येणारा, परत जाणारा, परत येणारा. मला नीट ऐक म्हणाली होती ते हे. मारिया लहानपणी आमच्याच कारखान्यात लपाछपी खेळलेली, तिला काही सांगावं लागलं नाही, तिनं काठीवाल्याच्या आधीच हात पुढं घेऊन ठेवले होते. तो बिचारा काठी घेऊन धावतच त्यांच्या मागं आला आणि त्याच्या मागं सगळे.

प्रभु क्षणभर उभाच होता. ऐकत. खरं आहे का ते तपासत होता, मला माहीत आहे, मागाच्या आवाजावरनं तो सुताचा नंबर सांगायचा, त्याला फसवता येत नाही. मग त्यानं "हं" केलं, कारखान्यात करायचा तसंच, आणि बसला. बसता बसता झोपला. मी चादर उचलून परत घातली. सभागृहात हसू फुटलं खरं, पण ते टर उडवणारं नव्हतं. अर्धं सभागृह आमच्याच गल्ल्यांतलं, तेलुगू कळणारं, आवाज थांबला की जागं होणारं. गॅलरीत एक म्हातारा चांगलाच मोठ्यानं म्हणाला की बरोबर हाय, उत्तर द्यायलाच पायजे, आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. रामहरी सर मागनं पुढं वाकले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, ताई, आमच्या वडिलांना हे उत्तर मीच द्यायचो. आणि चष्मा काढून पुसत बसले. तिसरा भाग तळ्याचा होता म्हणे. चांदणं, पाणी, काठावरची झाडं, सगळं बाईंनी आधी सांगितलेलं. मला त्यातलं काही दिसलं नाही, कारण मी रडत होते. खरं तर पदर तोंडात धरून हसत होते आणि रडत होते, दोन्ही. दिवाळीपासून छातीवर जे काय बसलं होतं ते उठून चालायला लागलं होतं आणि मला ते थांबवायचं नव्हतं. खाली ते दोन सूर चालूच होते. वर बासरी आली, गेली, व्हायोलिनं आली, गेली. ते दोन सूर मात्र तिनं शेवटपर्यंत सोडले नाहीत.

टाळ्या अशा पडल्या की काय सांगायचं, लोक उभे राहिले, आरोही आणि मारिया हातात हात घालून वाकल्या. प्रभु टाळ्यांतही झोपलेला, झोपणारच. टाळ्या थांबल्या तेव्हा उठला. इकडं तिकडं बघितलं, चादरीची नीट घडी केली, हार सरळ केला. पोरगी पायऱ्या उतरून आमच्याकडं आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि मला वाटलं, आता काय बोलते की. ती त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गंभीरपणानं म्हणाला, "चांगलं झालं. मधे एकदा बंद पडलं होतं, पण तू लगेच चालू केलंस. आमटीभाकरी खाणार का घरी, का तुमचं हॉटेलात आहे? आणि मीठ बघून घाल म्हणावं तुझ्या आईला." मी म्हटलं, अहो, मीठ मी बरोबरच घालते. तो म्हणाला, बरोबर घालतेस म्हणूनच परवा आमटीऐवजी समुद्र प्यालो. एवढ्या लोकांत! एवढ्या लोकांत तो माझ्याशी भांडायला लागला होता, आणि मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

आमच्या नेहमीच्या फकीरभाईंच्या रिक्षात आम्ही तिघं बसलो, मी मधे. पोरगी मला हळूच म्हणाली, अम्मा, फोनवर थापा मारत होतीस ना तू. मी म्हटलं, होय. ती म्हणाली, मला माहीत होतं, तुझा 'झकास' लई वरच्या पट्टीत निघायचा. आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. सिग्नलला फकीरभाईंचा हात सवयीनं चावीकडं गेला, आणि मी ओरडलेच, बंद करू नका. ते दचकून वळून बघायला लागले. तोवर माझ्या उजवीकडं ती शिट्टी लागली होती आणि डावीकडं पोरगीही झोपून गेली होती, दोन खांद्यांवर दोन डोकी, खाली रिक्षाचं इंजिन सगळ्या अंगाला हलवत होतं. सिद्धेश्वराचं तळं गेलं, आमचं वळण आलं, गल्ली आली, आमचं दार आलं. फकीरभाई म्हणाले, मावशी, घर आलं की.

मी म्हटलं, "आलं, दिसतंय मला. इंजिन चालू राहू दे, फकीरभाई. अजून एक चक्कर मारा."